नणंद-भावजयीचं एकच दुखणं

माझ्या नणंदेला आणि मला एकाच उन्हाळ्यात कळलं की आमच्या दोघींचं दुखणं एक आहे. तोवर तिला वाटायचं, हे जगात फक्त आपल्यालाच आहे. आणि मला वाटायचं, हे दुखणं नाहीच, हा आपला स्वभाव आहे. कुणाचा आवाज बारीक असतो, कुणाचे केस कुरळे असतात, तसं.

आखाडा बाळापूरला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. मी शेतकी कॉलेजात शिकलेली, नवरा कॉमर्सचा. तरी लग्न झाल्यापासून दुकानात एकच पद्धत चालू होती. शेतकरी हळदीचं पान घेऊन यायचा आणि काउंटरवर ठेवायचा. मी ते मागच्या दारात नेऊन उजेडात बघायचे, मग नवऱ्याच्या कानाशी जाऊन हळूच सांगायचे, "करपा आहे." तो मोठ्यानं सांगायचा, "दादा, करपा हाये." शेतकरी म्हणायचा, "साहेबाला लई कळतंय." नवरा ओशाळून माझ्याकडं बघायचा. मी खताच्या गोण्यांकडं बघायचे.

"तूच सांगत जा ना," तो कितीदा तरी म्हणाला.

"आणि चुकलं तर?"

"चुकायचं आसंल तर आत्ताबी चुकंल."

"आत्ता तुमी चुकता," मी म्हणायचे, आणि हा मला बिनतोड मुद्दा वाटायचा.

नणंद नवऱ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा थोडी मोठी. मी तिला ताई म्हणते, ती मला वैनी. ती औंढा नागनाथला राहते आणि जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. वर्गात ती खणखणीत बोलते, पोरं तिच्यावर जीव टाकतात. पण मोठ्या माणसांपुढं तिचा आवाज घशातच राहतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला ती मास्तरीण वाटायची, म्हणजे जिला सगळं येतं अशी.

त्या वर्षी एप्रिलात ती माहेरपणाला आली आणि आम्ही सकाळीच गच्चीवर कुरडया घालायला बसलो. गहू भिजवून, वाटून, चीक काढून, तो शिजवून झाला होता. ताईच्या हातात सोऱ्या, मी खाली धोतराचं फडकं ताणून धरलेलं. एक कुरडई वाकडी पडली, मधेच तुटली.

"माझंच चुकलं," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

ताईनं हात थांबवला. "तू काहून म्हणतीस? सोऱ्या तर माझ्या हातात हाये."

"मला वाटलं फडकं हललं."

"फडकं न्हाई हललं."

"मग तुमी काहून म्हणलात? चीकच घट्ट झाला आसंल."

यावर आम्हाला हसू आलं. हसता हसता ताईचे डोळे भरून आले आणि ती सोऱ्या मांडीवर ठेवून बसून राहिली. मग तिनं सांगितलं. शाळेवर मुख्याध्यापकाची बढती तिच्या नावावर आली होती. तिनं नको म्हणून लिहून दिलं होतं. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"काहून नको?" मी विचारलं.

"लोकाला कळंल."

"काय कळंल?"

"की मला काहीच येत न्हाई. आजवर कसंतरी निभलं. त्या खुर्चीत बसले की सगळ्याला दिसंल."

मी फडकं सोडून दिलं. माझ्या पोटात इतकी वर्षं जे वाक्य होतं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते, शब्द न् शब्द. मी तिला गोण्यांचं, पानांचं, नवऱ्याच्या कानाशी सांगण्याचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मला वाटायचं, वैनी शिकलेली हाये, तिला दुकानदारी कमीपणाची वाटती म्हणून बोलत न्हाई." आमचा उरलेला चीक पातेल्यात आळून दगड झाला. त्या सालच्या कुरडया कमी पडल्या आणि कुणी काही म्हणालं नाही.

खरं तर महिनाभर आधी मला एका डॉक्टरांनी वाट दाखवून दिली होती. छातीत धडधड होते म्हणून मी हिंगोलीला तपासून घेतलं होतं. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, "वरच्या मजल्यावर समुपदेशनाच्या मॅडम बसतात. जरा बोलून बघा." मी हो म्हणाले, जिना उतरले आणि बाळापूरची बस धरली. जिना चढायचा होता हे मला ठाऊक होतं.

आता दोघी असल्यामुळं धीर आला. मी हिंगोलीच्या त्या मॅडमकडं जायचं ठरलं. ताईला हिंगोली नको होती. जिल्ह्यातला अर्धा शिक्षकवर्ग तिला ओळखतो, कुणीतरी जिन्यात भेटेल ही धास्ती. तिनं नांदेडला समुपदेशन करणारी एक वयस्क बाई शोधून काढली. माझ्या नवऱ्याला आम्ही सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जा की. दातासाठी जातो, डोळ्यासाठी जातो." मग म्हणाला, "बोलून बरं होतं व्हय पण?" आम्हालाही तोच प्रश्न होता.

माझी हिंगोलीची मॅडम माझ्या भाचीच्या वयाची निघाली. मला वाटलं, हिला काय सांगायचं. तिनं इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर सरळ मुद्द्याला हात घातला.

"समजा, उद्या एका शेतकऱ्याला तुम्हीच उत्तर दिलंत. काय होईल?"

"ते हसतील."

"सगळे?"

"दुकानात जेवढे आसतील तेवढे."

"आणि मग?"

"मग म्हणतील, साहेबालाच विचारतो."

"याची खात्री किती वाटते?"

"पक्की."

"बरं," ती म्हणाली, "मग आपण हे खरं होतं का ते बघू या. पण एकदम दुकानापासून नको. लहान ठिकाणापासून."

लहान ठिकाण म्हणजे चहा. हॉटेलात चहा गार आला तर तो परत करून गरम मागायचा, एवढाच पहिला अभ्यास. जाण्याआधी मनाशी पक्कं करायचं की काय होईल असं वाटतं, आणि नंतर बघायचं की काय झालं.

ताईचं सगळंच वेगळं. शनिवारी नांदेडहून परतताना ती वारंगा फाट्याला उतरायची. मीही तेव्हा तिथं जायचे, म्हणजे पुढं बाळापूरपर्यंत दोघींना संगट येता येई. फाट्यावर ट्रक थांबलेले, टपऱ्या, फळवाले, नागपूरकडं जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. आम्ही एका हॉटेलातला मागचा बाक धरायचो आणि गरम भजे मागवायचो.

"तुझी काय म्हणती?" ताईनं पहिल्या शनिवारी विचारलं.

"माझी तर वकीलच हाये. पुरावा काय, साक्षीदार कोण, एवढंच विचारती. आणि वर गृहपाठ."

"माझी तर बोलतच न्हाई. मी बोलले की मान हलवती. मी गप बसले की तीबी गप."

"मग तुमी काय करता?"

"काय करणार. बोलते."

"काय बोलता?"

"मलाच ठाऊक न्हाई. आज तर आईच्या चुलीबद्दलच बोलले." ती भजं हातात धरून विचार करत राहिली. "बाहेर पडले तवा हलकं वाटलं, ते मात्र खरं. पण काय शिकले आसं कुणी विचारलं तर सांगता यायचं न्हाई."

मला तिचा हेवा वाटला. बसून नुसतं बोलायचं, कुणी तपासणार नाही. तिला माझा वाटला. "तुला काहीतरी करायला तरी देती," ती म्हणाली. "मास्तरीण हाये मी. गृहपाठ न्हाई म्हणजे शिकवलंच न्हाई आसं वाटतं." तेवढ्यात आमचा चहा आला. मी घोट घेतला. गार होता. ताईनं माझ्याकडं बघितलं, मी कपाकडं. मॅनेजर ओरडंल, आजूबाजूचे ट्रकवाले माना वळवतील, हे सगळं मनात होऊन गेलं. मग मी हात वर केला आणि म्हणाले, "भाऊ, ह्यो गार हाये." वेटर कप घेऊन गेला आणि गरम घेऊन आला. एकाही ट्रकवाल्यानं मान वळवली नाही. मला जवळजवळ वाईट वाटलं.

असे आमचे शनिवार सुरू झाले. आम्ही आपल्या बायांची तुलना अशी करायचो जशी लोकं दोन डॉक्टरांची, नाहीतर दोन आचाऱ्यांची करतात. माझ्या मॅडमचं बोलणं लवकर कळायचं. एका आठवड्यात फरक दिसायचा, पण तो त्या एका गोष्टीपुरता. चहा परत करता आला म्हणून शेजारणीला नाही म्हणता यायचं नाही, त्याचा अभ्यास पुन्हा वेगळा. ताईच्या बाईंचं काही कळायचं नाही, आणि मग एकदम एखादी गोष्ट विहिरीच्या तळातून वर यावी तशी यायची.

तशी एक आमच्याच घरी आली. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, ताई त्या दिवशी नांदेडहूनच आली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "दादा, तुला आठवतं का, निकालाच्या दिवशी मी पळत यायची. माझी शाळा आधी सुटायची. मी निकाल आईला द्यायची आणि आई म्हणायची, ठेव तिथं भिंतीतल्या देवळीत, दादाचा येऊ दे, संगटच बघू."

नवऱ्याचा घास हातात राहिला. "मग मी काय केलं?"

"तू काहीच न्हाई केलं. तुझा पहिला नंबर यायचा. मग तुझाच बघायचे. माझा देवळीतच ऱ्हायचा."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "गणितात तू माझ्या पुढं होतीस. मी तुझ्या वयात होतो तवा मला ते भागाकार यायचे न्हाईत. आबा शेजाऱ्याला सांगायचे."

"आबा सांगायचे?"

"सगळ्याला सांगायचे."

"मला कुणी सांगितलं न्हाई," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, नवल होतं. मग तिनं स्वतःच्या ताटात आणखी एक भाकरी वाढून घेतली, आणि ते मी कधी बघितलं नव्हतं. ती आमच्या घरी नेहमी आग्रहाची वाट बघायची.

त्यानंतर अदलाबदलीची कल्पना तिचीच. तिनं माझे अभ्यास करायचे आणि मी एकदा तिच्या बाईकडं जायचं. ताईनं नांदेडच्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, येऊ देत, पण तुमचं मी त्यांना सांगणार नाही आणि त्यांचं तुम्हाला नाही. हिंगोलीच्या मॅडमला मी सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "जाऊन या. मग मला सांगा तिथं काय सापडलं."

ताईच्या वाट्याला साडीच्या दुकानाचा अभ्यास आला. तो मी हिंगोलीत आधीच केलेला होता. दुकानात जायचं, भरपूर साड्या बघायच्या आणि एकही न घेता उठायचं. माझा अंदाज होता की दुकानदार चारचौघांत अपमान करेल. मी दहा-बारा साड्या उलगडून घेतल्या, घाम फुटला, आणि शेवटी म्हणाले, "आज नको." तो माणूस साड्यांच्या घड्या घालत म्हणाला, "काही हरकत नाही ताई, पंख्याखाली जरा बसा, बाहेर लई ऊन आहे." मी बसले. पाणीसुद्धा प्याले.

ताई औंढ्याच्या बाजारात गेली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"काय झालं?"

"दोन घेतल्या."

"ताई, एकही घ्यायची नव्हती."

"मला ठाऊक हाये. पण एक शेवाळी रंगाची निघाली ना, ती सोडवंना. आणि दुसरी तुझ्यासाठी हाये." मग म्हणाली, "अभ्यास फसला. पुढच्या आठवड्यात भांड्याच्या दुकानात जाते. तिथं मला काही आवडत न्हाई."

मी नांदेडला गेले. बाई पिकलेल्या केसांच्या, सुती साडीतल्या, समोर खुर्चीत शांत बसलेल्या. मी हळदीवर बोलले, कंदकुजीवर बोलले, दुकानावर बोलले. त्या ऐकत राहिल्या. मग माझ्याजवळचं संपलं आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. ती शांतता मला सोसेना आणि मी म्हणाले, "लहानपणी मी एक गोष्ट अर्धीच सांगितली होती."

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटत नव्हतं. चौथीत असताना शाळेच्या कार्यक्रमात मी कोल्ह्याची गोष्ट सांगायला उभी राहिले आणि मधेच विसरले. माझे वडील पुढच्या रांगेत होते. ते हसले. घरी येऊन त्यांनी सगळ्यांना ती गंमत सांगितली, मी कशी उभी होते, कशी वेणी तोंडात धरली. पुढं प्रत्येक लग्नात, बारशात, पाहुणे जमले की ते सांगायचे. मी शेतकी कॉलेजात गेले तरी सांगायचे. सगळे प्रेमानं हसायचे आणि मीही हसायचे.

"तुम्हीही हसायचात," बाई म्हणाल्या. त्या तासातलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मग त्यांनी विचारलं, "त्या वेणीवाल्या मुलीशेजारी आज तुम्ही उभ्या असता, तर तिला काय म्हणाला असता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडू आलं. खूप आलं. लाज वाटली नाही, हेच मला आठवतं. येताना फाट्यावर ताई वाट बघत होती. माझे डोळे बघून तिनं दोन प्लेट भजे सांगितले.

पुढच्या सोमवारी मी माहेरी गेले. माझं माहेर कळमनुरी तालुक्यातच, जवळचं गाव आहे. वडील आता थकलेत, ऐकायला कमी येतं, पण बाजेवर बसून सगळ्या गावाची खबर ठेवतात. मी म्हणाले, "बाबा, ती गोष्ट तुमी नका सांगत जाऊ. कोल्ह्याची."

"कोणती?"

"मी विसरले होते ती."

त्यांनी कान माझ्याकडं केला. "तुला तकलीफ होते व्हय त्याची?"

"व्हय."

"अगं," ते म्हणाले, "आपल्या घरातलं कुणी कधी चार माणसात उभंच न्हाई राहिलं. माझा बाप सरपंचापुढं बोलताना थरथरायचा. तू एवढीशी, माईकपुढं उभी राहिली. विसरली तरी खाली न्हाई बसली, वेणी तोंडात धरून तिथंच उभी. मला लई अभिमान वाटला. म्हणून सांगत होतो."

"मग तसं सांगायचं ना."

"तसं सांगता येत न्हाई ना माणसाला," ते म्हणाले. "न्हाई सांगणार आता."

आणि त्यांनी खरंच कधी सांगितली नाही. भाचीच्या साखरपुड्यात कुणीतरी आठवण काढली, तर ते ऐकू न आल्यासारखं करून दुसरीकडं बघत राहिले. त्यांना ऐकू आलं होतं, हे मी बघितलं.

हिंगोलीच्या मॅडमला मी सगळं सांगितलं. ती मनापासून खूश झाली. मग म्हणाली, "छान. आता दुकानाचं बघू या?" मला वाटलं होतं, इतकं रडून झाल्यावर दुकान आपोआप सुटेल. तसं नव्हतं. काउंटरपुढं माणूस उभा राहिला की जीभ पूर्वीसारखीच टाळूला चिकटायची. फक्त आता ती कशामुळं चिकटते हे ठाऊक होतं.

तेव्हा एके दिवशी सकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "आज तुमी मागं बसा." तो इतका पटकन उठला की स्टूल पडला. पहिला शेतकरी आला, ओळखीचा नव्हता. हळदीचा गड्डा फडक्यात बांधून आणलेला. मऊ पडलेला, वास येणारा. त्यानं विचारलं, "साहेब कुठंत?"

"मला सांगा. मी बघते."

"तुमाला कळतंय व्हय?" तो हसला. सरळ तोंडावर हसला. दुकानात आणखी दोघं होते, त्यातला एकजण पण हसला. मी म्हणाले होते तसंच झालं. मी गड्डा मोडून बघितला आणि म्हणाले, "कंद कुजून राहिलाय. पाणी साचतं का रानात?" तो म्हणाला, "साहेब आल्यावर येतो," आणि गड्डा बांधून निघून गेला.

मी मंगळवारी हिंगोलीला गेले ती जवळजवळ आनंदात, की माझंच खरं निघालं. "बघा," मी म्हणाले. "हसले."

"हो की," मॅडम म्हणाली. "मग काय झालं?"

"काय होणार. तो गेला."

"आणि तुम्ही?"

मी आठवून बघितलं. मी हात धुतले होते. दुसऱ्या गिऱ्हाइकाला बियाणं दिलं होतं. दुपारी वांग्याची भाजी होती, ती जेवले होते. धडधड झाली होती, पण चहाच्या वेळेपर्यंत मी ते विसरूनही गेले होते. हे सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं आणि मी थांबले. इतकी वर्षं मी लोकांच्या हसण्याला भीत होते, आणि लोक हसल्यावर मी वांग्याची भाजी जेवले होते. मॅडमनं काहीच म्हटलं नाही. त्या दिवशी ती पण नांदेडच्या बाईंसारखी गप्प बसली.

तो शेतकरी पंधरवड्यानं परत आला. साहेबांना विचारायला नव्हे. रानातून चर काढून पाणी बाहेर काढल्यावर काय टाकायचं, ते विचारायला माझ्यापुढं उभा राहिला. मी सांगितलं. तो म्हणाला, "बराबर." आणि मागच्या खोलीतून नवरा, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, मोठ्यानं म्हणाला, "बराबरच असतं तिचं." मी त्याला म्हणाले, तुमी मधी बोलू नका. शेतकरी पुन्हा हसला, आणि या खेपेला मीही.

ताईची बढती पुढच्या वर्षी पुन्हा आली. तिनं ती घेतली. पहिल्याच महिन्यात अधिकारी तपासणीला आले आणि त्यांनी काहीतरी विचारलं ज्याचं उत्तर तिला येत नव्हतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही सर, बघून सांगते." मला फोनवर हे सांगताना ती असं सांगत होती, जसं कुणी लॉटरी लागल्याचं सांगतं. "मी म्हणलं, वैनी. मला माहीत न्हाई म्हणलं. अधिकाऱ्याला. आणि ते म्हणाले, बघा, सावकाश सांगा." तिच्या नवऱ्यानं मागून विचारलं, एवढी काहून हसून राहिलीस, तर तिला सांगता येईना.

मॅडमनं मला हळूहळू महिन्यातून एकदा, मग गरज पडली तरच या, असं केलं. ताईचं नांदेड अजून चालू आहे, मधून मधून. ती म्हणते, आता दुखतंय म्हणून जात नाही, आवडतं म्हणून जाते. शनिवारचा फाटा मात्र आम्ही सोडलेला नाही.

परवा ताईच्या शाळेतली एक शिक्षिका तिच्यासोबत फाट्यावर आली. तरुण आहे, हुशार आहे, आणि बाकावर अगदी कडेला बसली होती, जसं काही जागा दुसऱ्या कुणाची आहे. तिनं चाचरत विचारलं, तुम्ही दोघी जाता तिथं मलाही जायचंय, पण दोघींपैकी कुणाकडं जावं?

"हिंगोलीला जा," ताई म्हणाली. "वैनीच्या मॅडमकडं. ती हाताला धरून करून घेती. तुला लवकर फरक पडंल."

"न्हाई, नांदेडला जा," मी म्हणाले. "ताईच्या बाईंकडं. मुळापर्यंत जायचं तर तिथंच."

"अगं, तिला आधी वर्गाबाहेर बोलता तर येऊ दे. मूळ नंतर खणता येतं."

"मूळ न खणता वरून फवारणी केली तर तेच परत येतं, हे मला सांगता काय? माझं दुकान हाये."

"तुला लवकर बरं वाटलं ना पण?"

"मला तर तिथं रडून बरं वाटलं. तुमाला बरं वाटलं ते माझ्या गृहपाठानं."

ती शिक्षिका एकदा ताईकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. शेवटी ताईनं तिला सांगितलं की दोन्हीकडं एकेकदा जाऊन बघ, जिथं तुला तोंड उघडावंसं वाटंल तिथं राहा, आणि कुणीच पटलं नाही तर तिसरी शोध, त्यात काही पाप नाही. मला ते पटलं, पण मी तसं कबूल केलं नाही. आम्ही बसमध्ये बसल्यावरही भांडत होतो, आणि बाळापूर आलं तरी आमचं मिटलं नव्हतं.